आढी घातलेला चहा

आमच्या हिच्याबरोबर शेवटचं काय केलं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं मोठं काही नाही. चहा प्यालो. संध्याकाळी, हॉलमध्ये, कार्टनांच्या मधे बसून. माझी नोकरी संपली होती, व्हिसा संपत आला होता, आणि दुबईतल्या अल कुसैसमधलं बिऱ्हाड उचलून गावी जायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं.

मी कार्टनांना चिकटपट्टी मारत होतो. सगळं भरून झालं होतं, स्टोअरच्या खोलीतला मातीचा माठ तेवढा राहिला होता. त्यात पाणी नव्हतं, हिचा चहा होता. मी विचारलं, "हा कशात भरायचा?"

"तो नाही यायचा."

"मग तू?"

हिने माझ्यापुढे कप सरकवला. "आधी प्या. गार झाला की परत म्हणाल, माती लागते."

मी प्यालो. हिने किटलीचं झाकण काढून आत बघितलं, वास घेतला आणि पानं तशीच ठेवून झाकण लावलं. "दम आहे अजून यात. सकाळी उकळू."

सकाळी मी हाक मारली तर ही उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टरने हृदय म्हणून लिहिलं. मी विचारलं होतं त्याचं उत्तर राहून गेलं ते राहूनच गेलं.

मी सातवी शिकलेला माणूस. देवगडच्या बाजूचा. जन्म गेला दुबईत एसी दुरुस्त करण्यात. मला सजवून लिहिता येत नाही. पण बिल्डिंगमध्ये हिला अर्धे लोक वेडी म्हणायचे आणि उरलेले हसायचे, आणि आता तेच लोक भेटले की "काकू किती चांगल्या होत्या हो" म्हणतात. चांगली होती ते मला माहीत आहे. वेडीसुद्धा होती. ते पण कोणीतरी लिहायला पाहिजे.

ही घरी ब्लाउज शिवायची. हुक, बटणं, लेस आणायला बाजारात एका चिनी नवराबायकोच्या दुकानात जायची. ती दोघं आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहायची. चिनी बाईला हिंदी यायचं ते गिऱ्हाइकांकडून उचललेलं, अरबी त्याहून कमी. बाईमाणूस दिसली की ती "दीदी" म्हणायची. आमची ही तिला "बाय" म्हणायची, जशी गावी बहिणीला हाक मारतात तशी. दोघी तासभर बोलायच्या. काय बोलायच्या ते देवाला माहीत.

एक दिवस ही दुकानातून आली ती चप्पल न काढता सरळ माझ्यापुढे उभी राहिली. "अहो, त्यांच्याकडे आढी घातलेला चहा आहे."

मी म्हटलं, "आढी आंब्याची घालतात."

"चहाची पण घालतात. बायने दाखवलं मला."

बायने दाखवलं ते असं. काउंटरवर बटणांचा ढीग केला. त्यावर हाताने पाणी शिंपडल्यासारखं केलं, वर कापड टाकलं, मग कापडाखाली हात घालून "हॉट, हॉट" करत बोटं झटकली. मग ढीग वरखाली केला. परत कापड. हिच्या बापाचा आंब्याचा धंदा. लहानपणापासून ही आढीच्या खोलीत वाढलेली. पेंढ्यात हात घालून आत किती ऊब धरली आहे ते सांगायची, फळं फिरवायची, नासकं बाजूला काढायची. त्यामुळे चिनी भाषेचा एक शब्द न कळता हिला सगळं कळलं. पानं ढीग लावून, ओल देऊन, झाकून पिकवायची. पिकली की दाबून चकती करायची. कच्चा चहा वेगळा, हा पिका.

ती चकती हिने पिशवीतून काढली. कागदात गुंडाळलेली, भाकरीएवढी, काळी. मी म्हटलं, "गोवरी कशाला आणलीस?" ही हसली नाही. वास घ्यायला लावला. तळ्यातला गाळ उपसल्यावर येतो तसा वास, आणि त्यात थोडं मासळीचं. मी तोंड फिरवलं.

"नवा आहे," ही म्हणाली. "राग आहे त्याच्यात अजून. उतरेल."

"कधी उतरेल?"

"दोन-तीन वर्षांत."

चहा प्यायला दोन-तीन वर्षं थांबणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. आणि ती माझ्याच घरात होती.

तेवढी वर्षं ही बायकडच्या जुन्या चकतीवर चालवायची. चकती फोडायला पोती शिवायचं दाभण. कडेने घुसवायची आणि हलक्या हाताने पदर सुटा करायची, पानाचा चुरा होऊ द्यायची नाही. फोडलेला चहा माठात, वर फडकं. महिनाभर तो तसाच माठात राहिला की मग प्यायचा. किटलीत घातल्यावर पहिलं पाणी ओतून टाकायचं. ते प्यायचं नाही, त्याने पानं जागी होतात म्हणे. मग पुढचं पाणी. तेच ते चमचाभर पान सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पाण्यावर पाणी. रंग काकवीसारखा, उजेडात धरला की कडेला लाल. शेवटी पाणी कोरं स्वच्छ आलं की पानं बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत. त्याच्या आधी टाकलेली हिला चालायची नाहीत. "रंग देतंय तोवर जिवंत आहे," म्हणायची.

चव काय सांगू? मला तो आवडायचा नाही. ओलं पोतं, जुनी कणगी, भिजलेलं लाकूड, असं सगळं एकदम तोंडात यायचं. ही म्हणायची, "तोंडात बघू नका. गिळा, मग गप्प बसा." गप्प बसलं की घशाच्या मागे खजुराची बारीक गोडी यायची, ते मात्र खरं. पण एवढ्याशा गोडीसाठी आधी कणगी कोणी चाटायची, हा माझा प्रश्न होता.

"साखर घाल की मग," मी एकदा म्हटलं.

"म्हाताऱ्या माणसाला बाबागाडीत बसवतात का?"

हिला त्या चहातलं सगळ्यात काय आवडायचं, तर तो कडू होत नाही. आपला चहा दहा मिनिटं जास्त राहिला की तोंड वाकडं होतं. हा किटलीत दुपारभर विसरला तरी फक्त काळा आणि जाड व्हायचा, कडू नाही. ही म्हणायची, "कितीही ताटकळत ठेवा, तोंड वाईट करत नाही. तुमच्या घरात असं एक तरी माणूस दाखवा." तुमच्या घरात म्हणजे माझ्या आईपासून सगळे आले.

आता वेडेपणाचं सांगतो. हा चहा शेजारचा वास धरतो. हे कळलं त्या दिवशी आमच्या घरातून हिंग गेला. गेला म्हणजे बाल्कनीत गेला, घट्ट झाकणाच्या डब्यात. नंतर सुकट गेली. नंतर धूप, उदबत्ती, माझं पायाचं मलम. फोडणी द्यायची तर बाल्कनीत छोट्या शेगडीवर. बांगडा तळायचा तर तिथेच. आम्ही कोकणातली माणसं, आणि घरात सुकटीचा वास नाही! गावचा माणूस आला की विचारायचा, "तुम्ही माळकरी झालात काय?" तिकडे वरच्या मजल्यावरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, वॉचमनकडे तक्रार घेऊन गेला की खालून बाल्कनीतून मासळीचा धूर येतो. वॉचमन विचारायला आला. हिने त्याला बसवलं आणि तोच चहा पाजला. तो परत कधी आला नाही. तक्रार मिटली की चहाने पळाला ते कळलं नाही.

सत्यनारायण घातला तेव्हा तर कहर. आमच्याकडे पूजा सांगायला यायचे ते गुरुजी आठवडाभर अकाउंट्समध्ये, शुक्रवारी सुट्टीला भटजी. त्यांना ही दारातच म्हणाली, "गुरुजी, धूप नको, कापूर लांबून."

"वहिनी, धुपाशिवाय पूजा कशी?"

"देवाला फुलं वाहा. वासाचं तो समजून घेईल. चहा नाही घेणार."

स्टोअरच्या दाराखाली ओला टॉवेल कोंबला आणि पूजा झाली. गुरुजी प्रसाद घेऊन जाताना मला हळूच म्हणाले, "जपा हो." हिला जपायला सांगत होते की मला स्वतःला, ते त्यांनी उलगडून सांगितलं नाही.

पुण्याच्या एक वहिनी शेजारी राहायच्या, स्वभावाने बऱ्या, पण तोंड चालू. हळदीकुंकवाला हा चहा एक घोट घेऊन म्हणाल्या, "छान आहे हं. काढा का?"

"नाही. चहा."

"आमच्याकडे असतो तसा नाही ना, म्हणून विचारलं."

"तुमच्याकडे असतो ते दूध," ही म्हणाली आणि त्यांना आणखी अर्धा कप ओतला. त्यांनी संपवला. नंतर दर आठवड्याला यायला लागल्या, पोटाला बरं वाटतं म्हणून. काढाच म्हणायच्या शेवटपर्यंत.

माझी खरी भांडणं हवेवरून व्हायची. एसी काय करतो? हवेतलं पाणी काढतो. मी आयुष्यभर लोकांच्या घरातलं पाणी काढलं, आणि माझ्या घरात हिला ते परत पाहिजे होतं. कोरड्या हवेत चहा झोपतो, म्हणायची. पिकणं थांबतं. बरं, ओल जास्त झाली तर बुरशी. मी म्हटलं, ओल मोजायचं मीटर आणतो, कामावर आहे. आणला. हिने बघितला न बघितल्यासारखा केला आणि स्टोअरमध्ये दोऱ्याने उडदाचा एक कच्चा पापड टांगला. रोज सकाळी अंघोळ करून जायची आणि पापड दोन बोटांत धरून दाबायची. कडकन मोडला तर हवा कोरडी. नुसता लोंबला तर ओल जास्त. वाकायला पाहिजे आणि सोडला की हळूहळू परत यायला पाहिजे. मोडला की नवा टांगायची. मोडलेला मी भाजून खायचो.

शेवटी मीच बेडरूमच्या एसीची ठिबकणारी नळी भिंतीला भोक पाडून स्टोअरमध्ये घेतली आणि खाली विटा घातलेलं मातीचं पसरट भांडं ठेवलं. बाहेर फूटपाथवर गळायचं ते पाणी आत गळायला लागलं. माझ्या सुपरवायझरला हे सांगितलं असतं तर त्याने मला डॉक्टरकडे पाठवलं असतं. पण काम चांगलं झालं. पापड वाकला. त्या दिवशी ही माझ्याकडे बघून म्हणाली, "शिकलात की." लग्नात सुद्धा हिने माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

एकदा पावसाळ्यात हिची आई गेली म्हणून आम्ही गावी गेलो. ही एक छोटी चकती घेऊन गेली होती, आईच्या घरात बसून प्यायला. आठवड्यात चकतीवर पांढरी लव आली. पापड टांगून उपयोगच नव्हता, पिशवीतून काढतानाच तो फडक्यासारखा लोंबत होता. हिचा भाऊ म्हणाला, "ताई, गाईला घाल, ती पण खायची नाही." सगळे हसले. ही पण हसली. नंतर मागच्या दारी जाऊन तिने चकती आंब्याच्या बुडाशी पुरली आणि हात धुऊन भाकऱ्या थापायला बसली. तिथे हिला कोण विचारणार होतं? माहेरी ताई, सासरी थोरली सून. ताटं वाढा, कोणाला काय कमी ते बघा. परत येताना विमानात म्हणाली, "तिकडे मी कोणाची तरी असते हो. कुसैसला मी चहावाली." मी म्हटलं, त्यात काय मोठं?

मी तरी गावी घर बांधत राहिलो. जांभ्या दगडाचं, पुढे पडवी, विहिरीवर पंप. हिच्यासाठी मागे एक कोरडी खोली काढली, वाळूच्या थरावर फरशी घातलेली. तिथे चहा राहील, मी म्हणायचो. पापड राहील का, ही विचारायची. हे आमचं बरीच वर्षं चाललं. भांडण नव्हतं. किटलीत पाणी घालत राहावं तसं चाललेलं.

खालच्या बायने ते बिऱ्हाड सोडलं, शारजाला मोठं दुकान काढलं, त्याच्या आधीची गोष्ट. एका शुक्रवारी ती वर आली. येताना स्वतःची चकती घेऊन आली. आमच्याकडची आणि तिची, दोन्ही एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच दिवशी चीनवरून आलेल्या. तिची तिच्या घरात राहिलेली, हिची आमच्या स्टोअरमध्ये. दोन किटल्या लावल्या. मलाही बसवलं. तिच्या चहात कोरड्या लाकडाचा वास, थोडा औषधी, कापरासारखा. आमचा जाड, गुळमट, कणगीचा वास गेलेला आणि खजूर पुढे आलेला. बाय आमचा कप नाकाशी धरून बराच वेळ बसली. मी मनात म्हटलं, एसीचं पाणी ओळखलं वाटतं बायने.

मग ती हिच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "दीदी, ये चाय चीन नहीं."

ही घाबरली. "खराब है?"

"नो, नो. बहुत अच्छा. लेकिन चीन खलास." आणि बोट जमिनीकडे केलं. "ये कुसैस."

मला समजलं नाही. ही समजावून सांगायला लागली तेव्हा हिचा आवाज बदलला होता. "अहो, हा चहा जिथे मुरतो तिथला होतो. झाड कुठलंही असू दे. वर्षं कुठे काढली ते बघायचं. हा आता आपल्या स्टोअरचा आहे. दुसरीकडे हलवला तर परत पहिल्यापासून." आणि मग, बायला कळू नये म्हणून की काय, आणखी हळू, "मी पण."

मी तेव्हा "बरं" म्हटलं आणि बांगडे तळायला बाल्कनीत गेलो.

तर ती सकाळ.

पोलीस येऊन कागद करून गेले होते, अँब्युलन्स हिला घेऊन गेली होती. घरात माणसं जमली. कार्टनांवर बसली, कारण खुर्च्या आदल्या दिवशीच वाटून टाकल्या होत्या. मराठी मंडळाचे एक गृहस्थ असल्या वेळी सगळ्यांचं करतात, ते फाइल घेऊन आले. चांगला माणूस. माझ्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाले, "काका, एकच सांगा. काकूंना गावी न्यायचं की इथेच दहन? दोन्हीचे कागद वेगळे आहेत. मला फोन लावायला लागतील."

फोन वाजला. हिचा भाऊ. रडत होता. "भावोजी, ताईला घरी आणा. आईला अग्नी दिला तिथेच देऊ." मी फोन मुलाकडे दिला, तो सकाळीच धावत आला होता. मुलगा बँकेत कामाला, इथेच वाढलेला, आईशी मराठीत बोलायचा, माझ्याशी घाबरला की इंग्लिशमध्ये. फोन ठेवून म्हणाला, "बाबा, इट्स युअर डिसिजन. व्हॉटेव्हर यू से."

मी उठलो. सगळ्यांना वाटलं तोंड धुवायला चाललो. स्वयंपाकघरात पुण्याच्या वहिनी भांडी घासत होत्या. आल्याचा चहा मोठ्या पातेल्यात, तो त्यांच्या घरून आणलेला, कारण सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही. त्यांच्या हातात हिची किटली होती. झाकण काढलेलं, पानं झटकायला कचऱ्याच्या डब्यावर धरलेली.

"वहिनी, ते ठेवा."

"अहो भावोजी, कालची शिळी पानं आहेत ही."

"असू देत. ठेवा."

त्यांनी ठेवली. मी गॅस पेटवला. त्या काहीतरी बोलणार होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेल्या.

पानं पातेल्यात घेऊन उकळली. हिने सांगितलं होतं तसं, सकाळी. रंग आला. काकवीचा नाही, पण आला. ओट्याशी उभा राहून प्यालो. परत पाणी. परत प्यालो. बाहेर लोक येत होते, दाराशी चपला वाढत होत्या, मुलगा एकदा डोकावून गेला. तिसऱ्या का चौथ्या पाण्याला कणगीचा वास गेला, लाकूड गेलं, नुसती ती मागची गोडी राहिली, खजुराची बी चघळल्यासारखी. आवडला असं लिहिणार नाही. हिला मी खोटं कधी सांगितलं नाही. पण मी गिळून गप्प बसलो, हिने न सांगता, पहिल्यांदाच.

मग पाणी कोरं आलं. कप खिडकीशी धरून बघितला. आरपार ओटा दिसत होता.

पानं बाल्कनीत नेऊन कढीपत्त्याच्या कुंडीत घातली, बोटाने वर माती ओढली. पातेलं घासलं, उपडं ठेवलं. अंघोळ केली. स्टोअरमध्ये गेलो. नळी ठिबकत होती. पापड दोन बोटांत धरून दाबला. वाकला. सोडला, तर हळूहळू परत आला.

दार लावून घेतलं आणि हॉलमध्ये आलो. मंडळाच्या गृहस्थांनी पेन उघडलं.

"ही गावी नाही यायची," मी म्हणालो. "इथेच."